नव्या नाण्याचे मासिक

लखनौहून उत्तरेला सीतापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर 'बख्शी का तालाब' या नावाचे गाव आहे. आज ते तहसिलीचे ठिकाण आहे, आणि हवाई दलाचा तळ तेथे असल्यामुळे वर्तमानपत्रांतूनही ते नाव अधूनमधून वाचावयास मिळते. पण गावाला हे नाव पडले ते नवाबीच्या अमदानीतील एका बक्षीने बांधविलेल्या तलावावरून. बक्षी म्हणजे सैन्याचा पगार वाटणारा अधिकारी. मराठी माणसाला हा हुद्दा परका नाही. महादजी शिंद्यांच्या पदरचे जिवबादादा केरकर बक्षी म्हणूनच इतिहासाला ठाऊक आहेत, आणि बक्षी हे आडनाव आपल्याकडे आजही आढळते. शिपायाला राजा क्वचितच दिसे. त्याला दिसे तो बक्षी. रोजमुऱ्याचा दिवस आला की बक्षीच्या हातून जे पडेल तेच त्याच्या लेखी राज्य. पगार थकला की धरणे बसे ते बक्षीच्या दारात.

या बक्षीच्या जोडीला जुन्या व्यवहारात आणखी एक माणूस असे. तो म्हणजे पोतदार. पेशवाईच्या काळात एकच एक रुपया चालत नव्हता. चांदवडी, अंकुशी, मल्हारशाही, हाली सिक्का अशी नाना टांकसाळींची नाणी बाजारात फिरत, आणि एका मुलखातील नाणे दुसऱ्या मुलखात बट्टा कापूनच घेतले जाई. एखादे नाणे खरे की खोटे, त्यात चांदी किती आणि हीण किती, हे सांगणारा तो पोतदार. गावोगाव बहुधा सोनारच हे काम करी. बक्षीने नाणे द्यावयाचे आणि पोतदाराने ते पारखावयाचे, अशी ही वाटणी होती. पुढे १८३५ साली कंपनी सरकारने एकच रुपया चालू केला आणि हळूहळू पोतदाराचे काम संपले. आडनाव तेवढे उरले.

श्रोतेहो, आज ज्या नाण्याविषयी मला बोलावयाचे आहे, ते नाणे जन्माला येताना एक मोठी प्रतिज्ञा करून आले. आपल्याला कोणताही बक्षी नको, राजा नको, पेढी नको, असे त्याचे म्हणणे होते. त्याचे नाव बिटकॉइन. पण बक्षीला निरोप देणाऱ्या या नाण्याला पोतदारावाचून चालले नाही. ते काम पत्करले एका मासिकाने. त्या मासिकाचा इतिहास हाच माझ्या भाषणाचा विषय आहे. आणि तो इतिहास सांगताना, पारख करणाऱ्याने कोठे उभे राहावे, हा प्रश्न आपल्याला पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

प्रथम नाण्याचे स्वरूप पाहू. त्यासाठी क्षणभर पुन्हा लखनौकडेच वळावे लागेल. १८१४ पासून पुढच्या काही वर्षांत अवधच्या दरबाराने ईस्ट इंडिया कंपनीला कोट्यवधी रुपयांची कर्जे दिली. यांपैकी काही कर्जांचा करार असा होता, की मुद्दल परत मागावयाचे नाही. व्याज मात्र दरबाराने नेमून दिलेल्या आप्तेष्टांना आणि आश्रितांना पिढ्यान्‌पिढ्या मिळत राहावे. या नेमणुकीला 'वसीका' म्हणतात. १८५६ साली नवाबी खालसा झाली, १८५८ साली कंपनीचे राज्य संपले, १९४७ साली इंग्रजही गेले. तरीही लखनौच्या वसीका कचेरीतून वंशजांना अल्पस्वल्प रक्कम मिळण्याचा क्रम टिकून राहिला. वाटण्या होत होत ती रक्कम इतकी लहान झाली, की ती आणावयास जाण्याचा खर्चही तीतून निघू नये. मग टिकले ते काय? राजा टिकला नाही, सोने टिकले नाही. टिकली ती वही. कोणाचे किती देणे आहे हे लिहून ठेवणारी आणि सर्वांनी मान्य केलेली एक वही. पैशाच्या मुळाशी धातूपेक्षा ही वहीच अधिक खोल रुजलेली असते.

बिटकॉइन ही अशीच एक वही आहे. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी 'सातोशी नाकामोतो' हे नाव धारण करणाऱ्या कोणा व्यक्तीने किंवा मंडळीने नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला. हे नाव कोणाचे, याचा उलगडा आजतागायत झालेला नाही. निबंधातील कल्पना थोडक्यात अशी. जमाखर्चाची वही एका पेढीच्या तिजोरीत न ठेवता तिच्या हजारो प्रती जगभरच्या संगणकांवर ठेवावयाच्या. सुमारे दर दहा मिनिटांनी वहीला एक नवे पान जोडावयाचे. प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा ठसा असावयाचा. त्यामुळे मागच्या एखाद्या नोंदीत कोणी खाडाखोड केली, की पुढच्या सर्व पानांचे ठसे जुळेनासे होतात आणि लबाडी उघडी पडते. पान जोडण्यासाठी संगणकाला फार मोठी आकडेमोड करावी लागते. ती जो प्रथम पुरी करील त्याला मेहनताना म्हणून नवी नाणी मिळतात. आरंभी हा मेहनताना पानामागे पन्नास नाण्यांचा होता. दर दोन लाख दहा हजार पानांनंतर, म्हणजे सुमारे चार वर्षांनी, तो निम्मा होतो. अशा रीतीने नाण्यांची एकूण संख्या दोन कोटी दहा लाखांच्या पलीकडे कधीच जावयाची नाही, असा तिचा नियम आहे.

या वहीचे पहिले पान ३ जानेवारी २००९ या दिवसाचे आहे, आणि त्या पानात एक मोठी सूचक नोंद आहे. लंडनच्या 'टाइम्स' या वर्तमानपत्राचा त्या दिवशीचा मथळा तेथे नमूद केलेला आहे. बुडत्या बँकांना सरकारने दुसऱ्यांदा हात देण्याची वेळ आली आहे, अशा आशयाची ती बातमी होती. हा मथळा लिहिण्यात जुन्या बँकांवर टोमणा आहेच. परंतु त्याचा व्यावहारिक उपयोगही आहे. हे पान त्या तारखेपूर्वी लिहिले गेले नव्हते, याचा तो पुरावा आहे. मौज अशी, की कोणावरही विश्वास ठेवावयाचा नाही असे ब्रीद असलेल्या नाण्याने आपल्या जन्मतारखेची साक्ष काढली ती एका छापील वर्तमानपत्राकडून.

जन्मल्यानंतर पहिले वर्षभर या नाण्याला बाजारात जवळजवळ काही मोल नव्हते. २२ मे २०१० रोजी अमेरिकेत एका गृहस्थाने दहा हजार बिटकॉइन देऊन दोन पिझ्झे मागविले, तो त्याचा पहिला नामांकित सौदा. पुढल्याच वर्षी, २०११ च्या उन्हाळ्यात, एका नाण्याचा भाव तीस डॉलरांच्या आसपास गेला आणि वर्ष संपण्यापूर्वी दोन डॉलरांपर्यंत कोसळला. काही लोक हर्षभरित झाले, काही बुडाले, आणि बहुसंख्य लोकांना हे प्रकरण काय आहे याचा उमजच पडेना. समजावून सांगणाऱ्याची गरज अशा वेळी निर्माण होते.

कॅनडात राहणारा विटालिक ब्यूटेरिन हा मुलगा त्या वेळी अवघा सतरा वर्षांचा होता. त्याचा जन्म १९९४ साली रशियातील कोलोम्ना येथे झाला आणि सहाव्या वर्षी तो आईबापांबरोबर कॅनडात आला. बिटकॉइनची वार्ता त्याला वडिलांकडून कळली. नाणी विकत घेण्यास पैसे नव्हते, म्हणून 'बिटकॉइन वीकली' नावाच्या एका लहानशा नियतकालिकात तो लेख लिहू लागला. लेखामागे मोबदला पाच बिटकॉइन. त्या वेळी पाच नाण्यांची किंमत चार डॉलरांच्या जवळपास भरे. डिसेंबर २०२४ मध्ये एका नाण्याचा भाव एक लाख डॉलरांवर गेला, हे ध्यानात घेतले म्हणजे लेखनाचा असा मोबदला फारच थोड्या लेखकांना मिळाला असेल असे म्हणावे लागते. अर्थात तो मिळत असताना हे कोणालाच ठाऊक नव्हते, हा भाग वेगळा.

ते साप्ताहिक उत्पन्नाअभावी बंद पडले. मात्र त्यातील लेखांनी रुमानियातील मिहाई अलिसिए या तरुणाचे लक्ष वेधून घेतले होते. त्याने ब्यूटेरिनला पत्र पाठविले, आणखी काही मंडळी मिळाली, आणि २०११ च्या अखेरीस 'बिटकॉइन मॅगझिन' या मासिकाची जुळवाजुळव झाली. त्याचा पहिला छापील अंक मे २०१२ मध्ये निघाला. संस्थापक वेगवेगळ्या देशांत राहणारे. ज्या नाण्याला हात लावता येत नाही, खिशात घालता येत नाही, त्याविषयीचे हे मासिक कागदावर छापून टपालाने वाचकाच्या घरी जात होते. यात विसंगती वाटेल, पण माझ्या मते त्यामागे व्यवहाराची चांगली जाण होती. अदृश्य वस्तूवर विश्वास बसावयाचा तर तिच्याविषयीचे काहीतरी डोळ्यांना दिसावे लागते. छापील अंकाला तारीख असते, संपादकाचे नाव असते, मागच्या महिन्यात काय लिहिले होते हे पुढच्या महिन्यात पडताळून पाहता येते. पोतदाराचे दुकान एका ठिकाणी असावे लागते, म्हणजे उद्या त्याला जाब विचारता येतो, तसेच हे.

नवी विद्या आली की नवे नियतकालिक लागते, हा अनुभव आपलाही आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले, तेव्हा वृत्तपत्र ही वस्तूच मराठी माणसाला नवी होती. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात शतपत्रे लिहिली आणि १८४९ साली 'लक्ष्मीज्ञान' हे अर्थशास्त्रावरील पुस्तक मराठीत आणले. संपत्ती कशी निर्माण होते आणि कशी नाहीशी होते, हे राज्य गमावून बसलेल्या समाजाला समजले पाहिजे, अशी त्यांची तळमळ होती. 'बिटकॉइन मॅगझिन'च्या पहिल्या अंकांतही हीच समजावून सांगण्याची धडपड दिसते. हे नाणे म्हणजे काय, वही कशी चालते, आपली किल्ली कशी जपावी, आणि ती हरवली तर कोणत्याही कचेरीत अर्ज करून नाणी परत मिळत नाहीत ती का, अशा प्रश्नांची उत्तरे वाचकाला हवी होती. ब्यूटेरिन दीर्घ, संथ आणि खोलात जाणारे लेख लिही.

परंतु पोतदाराची खरी कसोटी खोटे नाणे समोर आले म्हणजे लागते. ती वेळ पहिल्याच वर्षी आली. 'बिटकॉइन सेव्हिंग्ज अँड ट्रस्ट' या भारदस्त नावाने एका अमेरिकी माणसाने ठेवी गोळा करावयास आरंभ केला होता. आठवड्याला सात टक्के व्याज! महिन्याला किंवा वर्षाला नव्हे, आठवड्याला. नव्या ठेवीदाराचे पैसे जुन्याला द्यावयाचे, हे त्यामागचे सारे गुपित. ऑगस्ट २०१२ मध्ये हा डोलारा कोसळला, आणि पुढे त्या माणसाला अमेरिकी न्यायालयाने शिक्षाही केली. दुर्दैव असे, की मासिकाच्या संस्थापकांपैकीच एकाने, ही पेढी बुडणार नाही, अशी मोठ्या रकमेची जाहीर पैज मारली होती. तो पैज हरला, पैजेची रक्कम चुकती झाली नाही, आणि त्याला मासिकापासून दूर व्हावे लागले. बिटकॉइनच्या वहीत या काळात एकही नोंद चुकली नव्हती. चूक झाली ती वहीबाहेर, माणसाच्या शब्दात. वहीबाहेरच्या जगात शब्दच चालतो, आणि मासिकाजवळ त्याखेरीज दुसरे भांडवल नसते.

असो. मासिक यातून सावरले. २०१३ हे वर्ष मोठ्या तेजीचे गेले. नोव्हेंबरमध्ये भाव हजार डॉलरांवर चढला. त्याच वर्षी ब्यूटेरिनने देशोदेशी प्रवास करून या नाण्याच्या निरनिराळ्या मंडळांना भेटी दिल्या. लेख लिहिताना एखाद्या गोष्टीचे दोष जितके स्पष्ट दिसतात तितके ती वापरताना दिसत नाहीत. ही वही केवळ देणेघेणे नोंदविते. तीत करारमदारही लिहिता आले आणि ते आपोआप अमलात आले तर काय होईल, असा विचार त्याच्या मनात घोळू लागला. वर्षअखेरीस त्याने 'इथीरियम' या दुसऱ्या वहीची कल्पना मांडली. अलिसिएही तिकडे गेला. ती वही ३० जुलै २०१५ रोजी प्रत्यक्षात सुरू झाली आणि आज बिटकॉइनच्या खालोखाल तिचे नाव घेतले जाते. एका मासिकाच्या लेखकाने लिहिता लिहिता आपल्या विषयाचाच प्रतिस्पर्धी उभा करावा, असा योग वाङ्मयाच्या इतिहासात दुर्मिळच म्हणावा लागेल.

दरम्यान बाजारावर मोठा आघात झाला. टोकियोतील 'माउंट गॉक्स' ही नाण्यांच्या खरेदी-विक्रीची एके काळची सर्वांत मोठी पेढी फेब्रुवारी २०१४ मध्ये बंद पडली. सुमारे साडेआठ लाख नाणी गहाळ झाल्याचे तिने जाहीर केले. त्यांतील दोन लाख पुढे सापडली. बक्षी नको म्हणणाऱ्या लोकांनी सोयीसाठी आपली नाणी एका बक्षीच्याच हवाली केली होती, हा त्याचा अर्थ. २०१५ च्या आरंभी मासिकाची मालकी बदलली. ते अमेरिकेतील नॅशव्हिल येथील 'बीटीसी' या प्रकाशनसंस्थेकडे गेले, आणि संस्थापकांचा काळ संपला.

येथून मासिकाच्या इतिहासाचे दुसरे पर्व सुरू होते. नव्या मालकांनी ते मासिक बिटकॉइनच्या निष्ठावंत पुरस्काराला वाहिले. इतर नाण्यांना, अगदी त्याच्या आद्य लेखकाने काढलेल्या नाण्यालाही, तेथे मान उरला नाही. मासिकाबरोबर मोठमोठे मेळावे भरू लागले. जुलै २०२४ मध्ये नॅशव्हिलच्या मेळाव्यात डोनाल्ड ट्रम्प यांनी अध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून भाषण केले. मार्च २०२५ मध्ये अध्यक्ष या नात्याने त्यांनी सरकारच्या ताब्यातील बिटकॉइनची राखीव गंगाजळी ठेवण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी या प्रकाशनसंस्थेचे प्रमुख डेव्हिड बेली यांनी 'नाकामोतो' या नावाची कंपनी उभारली. ऑगस्ट २०२५ मध्ये ती 'काइंडली एमडी' या कंपनीत विलीन झाली. बिटकॉइन विकत घेऊन साठवावयाचे, हा तिचा मुख्य उद्योग होता.

यात काही छपवाछपवी नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. सारे उघड आहे. सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांचे मुखपत्र सोन्याची थोरवी गाते, त्यात कोणी फसवणूक मानीत नाही. तरीही एक प्रश्न उरतोच. पोतदाराच्या मागच्या खोलीत त्याच नाण्यांची रास पडलेली असेल, तर समोरच्या नाण्याची पारख तो कशी करील? तो खोटे बोलेल असे नाही. तो खरेच बोलेल, पण सगळे बोलणार नाही. भाव चढण्याची कारणे त्याला चटकन सुचतील. उतरण्याची कारणे आठवावयास वेळ लागेल. मनुष्यस्वभावच तसा आहे.

याला दुसरा मार्ग नाही असेही नाही. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाने याच विषयाला वाहिलेले 'लेजर' नावाचे विद्वत्पत्र काढले. लेजर म्हणजे आपली खतावणी. २०१५ साली त्याची घोषणा झाली आणि २०१६ च्या अखेरीस पहिला अंक आला. तेथे लेख छापण्यापूर्वी तज्ज्ञांकडून तपासून घेतात, आणि छापलेल्या लेखाचा ठसा बिटकॉइनच्याच वहीत नोंदवून ठेवतात, म्हणजे पुढे त्यात गुपचूप फेरफार करता येऊ नये. वर्तमानपत्राच्या मथळ्यावर जिने आपली तारीख सिद्ध केली, तीच वही आता नियतकालिकाची तारीख सिद्ध करू लागली. ही परतफेड मला मोठी समाधानाची वाटते.

नाण्याची संख्या नियमाने बांधून टाकावी, ही कल्पनाही आपल्याला वाटते तितकी नवी नाही. एका मराठी विद्वानाने ती शंभर वर्षांपूर्वी रुपयाच्या संदर्भात मांडली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'दि प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. सरकारने आपल्या इच्छेप्रमाणे रुपये पाडीत राहावे आणि परदेशी हुंडणावळीचा दर सांभाळला म्हणजे झाले, ही त्या वेळची पद्धत त्यांना मान्य नव्हती. रुपयाची खरी किंमत म्हणजे बाजारातील त्याची खरेदीशक्ती, आणि ती टिकावयाची तर टांकसाळी जनतेला तशाच सरकारलाही बंद करून रुपयांच्या संख्येला कायमची मर्यादा घातली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या मताचा प्रतिवाद करण्यास ते कचरले नाहीत. पुढे हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, तेव्हाही रुपया उतरला तर नफा व्यापारी वर्गाचा आणि तोटा मजुरीवर जगणाऱ्याचा, हा मुद्दा त्यांनी सोडला नाही.

हे बाबासाहेब संपादकही होते. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले होते. चलनाचा अभ्यासक आणि नियतकालिकाचा प्रवर्तक, या दोन्ही भूमिका एकाच माणसाच्या ठायी होत्या, तशाच त्या ब्यूटेरिनच्याही ठायी होत्या. बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा रोख मात्र नीट पाहण्यासारखा आहे. नाण्याची मर्यादा त्यांना हवी होती ती नाण्याचा भाव चढावा म्हणून नव्हे, तर मजुराच्या हातातील रुपयाने महिन्याअखेरीसही तेवढेच धान्य यावे म्हणून. पारख करताना ते राशीच्या बाजूला उभे नव्हते. ते गिऱ्हाइकाच्या बाजूला उभे होते.

आता आपल्याकडे काय घडले ते पाहू. रिझर्व्ह बँकेने २४ डिसेंबर २०१३ रोजी अशा नाण्यांच्या धोक्यांविषयी जनतेला पहिली जाहीर सूचना दिली. एप्रिल २०१८ मध्ये तिने बँकांना या व्यवहारांशी संबंध तोडण्यास सांगितले. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरविला. २०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा व्यवहारांतील नफ्यावर तीस टक्के कर बसविला. कर बसला म्हणजे मान्यता मिळाली, असे अनेकांना वाटले. कायद्याने तसे म्हटलेले नाही. रिझर्व्ह बँकेने स्वतःचा ई-रुपया मात्र काढला. १ डिसेंबर २०२२ रोजी तो मुंबई, दिल्ली, बेंगळुरू आणि भुवनेश्वर या चार शहरांत सामान्य जनतेसाठी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला, आणि पुढच्या टप्प्याच्या शहरांत लखनौचेही नाव होते. हा रुपया संगणकावर चालतो, परंतु त्याच्यामागे रिझर्व्ह बँक उभी आहे. म्हणजे बक्षी कायम आहे. त्याची थैली तेवढी बदलली.

या सूचना, निकाल आणि कर यांच्या दरम्यान महाराष्ट्रात जे घडले ते विसरता येण्यासारखे नाही. 'गेनबिटकॉइन' नावाच्या योजनेने २०१५ पासून लोकांकडून नाणी गोळा केली. आश्वासन होते दरमहा दहा टक्के, असे अठरा महिने. पुणे आणि नांदेड येथे गुन्हे दाखल झाले, आणि एप्रिल २०१८ मध्ये योजनेच्या सूत्रधाराला पुणे पोलिसांनी अटक केली. अमेरिकेत २०१२ साली आठवड्याला सात टक्क्यांनी जे घडले होते, तेच आपल्याकडे महिन्याला दहा टक्क्यांनी घडले. ती हकीकत इंग्रजीत सविस्तर छापून झाली होती. नांदेडच्या किंवा पुण्याच्या ज्या माणसाने आपली शिल्लक या योजनेत घातली, त्याच्यापर्यंत ती त्याच्या भाषेत पोहोचली असती तर तो थांबला असता का, हे कोणी सांगावे? लोभ भाषा पाहून येत नाही. पण ज्ञान मात्र भाषेतूनच येते, आणि निदान काही घरे वाचली असती असे मानण्यास जागा आहे.

म्हणून 'बिटकॉइन मॅगझिन'च्या इतिहासातून मराठी वाचकाने काय घ्यावे, असे कोणी विचारले तर मी इतकेच म्हणेन. नाणे नवे असो वा जुने, त्याविषयी लिहिणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. या लेखनाचा खर्च कोण सोसतो? लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या पेटीत हेच नाणे आहे काय? आणि यात पैसे कसे बुडतात, हे त्याने कोठे लिहिले आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे प्रतिकूल आली म्हणून लेख टाकून देण्याचे कारण नाही. तो सावधपणे वाचावा म्हणजे झाले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आले, तर मात्र तो लेख जाहिरात समजावा. आणि ठराविक मुदतीत ठराविक व्याजाचे भरघोस आश्वासन कोणी दिले, तर प्रश्न विचारण्यातही वेळ घालवू नये.

नव्या नाण्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही, तसेच त्यांना भुलण्याचेही नाही. चांदवडी आणि अंकुशी रुपयांच्या काळात खेड्यातला शेतकरीही नाणे हाती आले की पोतदाराकडे जाई, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नसे. आज वही संगणकावर गेली, बट्टा टक्क्यांत मोजला जाऊ लागला आणि टांकसाळीच्या जागी आकडेमोड आली. आपल्या भाषेत लोकहितवादींनी १८४९ साली जे काम हाती घेतले, ते या नव्या वस्तूंविषयी पुन्हा हाती घेण्याची वेळ आली आहे. एखाद्या मराठी मासिकाने दर महिन्याला चार पाने या पारखीसाठी राखून ठेवली, ती कोणाच्याही राशीला बांधलेली नसली, आणि ती पाने पुण्याइतकीच नांदेडलाही वाचली गेली, तर लिहिणाऱ्याच्या श्रमांचे चीज झाले असे मी समजेन.